किलोला दोनशे की हजार? कुत्र्या-मांजरांच्या खाण्यातला दर्जा नेमका कशात असतो

पुण्या-मुंबईतच नव्हे, आता सांगली-जळगावच्या पेट शॉपमध्येही एका भिंतीला डॉग फूडची पोती रचलेली दिसतात. खाली किलोमागे दोनशे-अडीचशे रुपये पडणारं, मधल्या फळीवर पाचशेच्या घरातलं आणि वर हजार-बाराशे रुपये किलोचं परदेशी. तिन्हींवर तुकतुकीत अंगाच्या कुत्र्याचा फोटो असतो आणि तिन्हींवर पोषणाची हमी असते. घरी नुकतंच पिल्लू आणलेल्या माणसाला तिथे उभं राहून एकच प्रश्न पडतो: महागाचं घेतलं तर याची तब्येत खरंच चांगली राहील, की आपण नुसते पाकिटाचे पैसे मोजतोय?

याचं उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. खाण्याचा दर्जा एका पातळीच्या खाली घसरला की जनावर लंगडतं, आंधळं होतं, कधी दगावतंही. याबद्दल शास्त्रात दुमत नाही. मात्र ती पातळी एकदा गाठल्यावर दुप्पट-चौपट पैसे मोजले म्हणून निरोगी जनावर जास्त जगतं, याला भक्कम पुरावा नाही. तेव्हा ही पातळी कोणती आणि ती ओळखायची कशी, हे कळलं पाहिजे. पाकिटाच्या पुढच्या बाजूवरून ते कळत नाही.

## कुत्र्याचं पोट वेगळं, मांजराचं वेगळं

कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढला आणि त्याचं शरीर त्याप्रमाणे बदललं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की, पिष्ट पचवणारं अमायलेज हे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र त्या कितीतरी जास्त, काहींमध्ये तर तीसपर्यंत असतात. म्हणजे शिजवलेला भात किंवा भाकरी कुत्र्याला पचते. धान्य हे कुत्र्याला विष असल्यासारखं जे बोललं जातं, त्याला आधार नाही.

मांजराची गोष्ट निराळी. ते पक्कं मांसाहारी आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व 'अ' बनवणं त्याला जमत नाही. ते तयारच, प्राण्यांच्या ऊतींतून मिळावं लागतं. अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्लही तसंच. आणि टॉरिन. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. टॉरिन हे मांसात, मासळीत सापडणारं एक अमिनो आम्ल. कुत्रा ते बहुधा स्वतः तयार करतो. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, वरून पित्तातून ते सतत खर्च होत राहतं. म्हणून डॉग फूड स्वस्त पडतं म्हणून मांजरालाही तेच घालणं धोक्याचं आहे. एखाद्या वेळी कुत्र्याच्या भांड्यात तोंड घातलं तर काही बिघडत नाही, पण रोजचं जेवण म्हणून ते चालणार नाही.

## डोळे आणि हृदय: टॉरिनची गोष्ट

१९७० आणि ८०च्या दशकांत मांजरांमध्ये हृदयाचा एक आजार सर्रास दिसत असे. हृदयाचा स्नायू पातळ होत जाई, कप्पे फुग्यासारखे ताणले जात, रक्त पुढे ढकलण्याची ताकद संपे. निदान झालं की मांजर फार दिवसांचं सोबती नाही असं धरूनच चालत. टॉरिन कमी पडलं तर मांजराचा दृष्टिपटल निकामी होतो, हे १९७५ साली कळलं होतं. पण हृदयाशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मांजरांच्या रक्तातलं टॉरिन मोजलं, तर ते तळाला गेलेलं. त्यांनी टॉरिन द्यायला सुरुवात केली आणि बरा न होणारा मानलेला आजार उलटायला लागला. मांजरं खायला लागली, खेळायला लागली आणि सोनोग्राफीत हृदय पुन्हा आकारात येताना दिसलं. १९८७ साली हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार बघता बघता दुर्मीळ झाला. मला तरी ही पशुपोषणातली सर्वांत सुंदर घटना वाटते. एका पांढऱ्या पावडरीच्या चिमटीने असंख्य मांजरं वाचली.

पण यातला बोचरा भाग वेगळाच आहे. ती आजारी मांजरं काही उकिरड्यावर खात नव्हती. ती नावाजलेल्या कंपन्यांचं, त्या काळच्या निकषांत पास झालेलं खाणं खात होती. कागदावर टॉरिन पुरेसं होतं, मांजराच्या अंगी ते लागत नव्हतं. डबाबंद अन्न तापवण्याच्या प्रक्रियेत असे काही बदल होतात की आतड्यातले जिवाणू टॉरिन जास्त फस्त करतात. म्हणूनच आजच्या अमेरिकी निकषांत पाण्याचा अंश वगळून सुक्या कॅट फूडमध्ये किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाण्यात त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के टॉरिन मागितलं जातं.

## 'संपूर्ण आणि संतुलित' म्हणजे काय?

कुत्र्या-मांजरांना जवळपास चाळीस पोषकद्रव्यं ठरावीक प्रमाणात लागतात: अमिनो आम्लं, स्निग्धाम्लं, खनिजं, जीवनसत्त्वं. ज्या खाण्यात ती सगळी असतात आणि एकमेकांच्या प्रमाणातही असतात, त्याला 'संपूर्ण आणि संतुलित' म्हणतात. रांजणाला तळाशी चीर असेल तर वरून कितीही पाणी ओतलं तरी उपयोग नाही, तसंच इथे. चिकन कितीही उत्तम असो, एक जस्त किंवा एक टॉरिन कमी पडलं तर बाकीची श्रीमंती वाया.

हे प्रमाण ठरवणाऱ्या दोन संस्थांची नावं जगभर चालतात: अमेरिकेतली 'आफ्को' आणि युरोपातली 'फेडियाफ'. भारतीय मानक ब्यूरोनेही कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी मानक ठरवलं आहे. आफ्कोच्या हिशेबाने, पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के, मांजराला २६ आणि तिच्या पिल्लांना ३० टक्के. पाकिटावर 'पपी', 'अ‍ॅडल्ट', 'किटन' असं जे लिहिलेलं असतं त्यामागे हे आकडे आहेत. मी सुरुवातीला जी पातळी म्हटली ती हीच: त्या प्राण्यासाठी, त्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित, आणि नीट काळजी घेऊन बनवलेलं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

## महाग म्हणजे सुरक्षित?

२००७च्या मार्चमध्ये अमेरिका-कॅनडात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी व्हायला लागली. 'मेन्यू फूड्स' या कॅनडातल्या कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. त्या यादीने लोक हादरले, कारण एकाच कंपनीच्या कारखान्यांतून शंभरच्या आसपास ब्रँडचा माल निघत होता. त्यात सुपरमार्केटचा स्वस्त माल होता आणि नावाजलेले महागडे ब्रँडही होते.

कारण सापडलं चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये. त्यात मेलामाइन मिसळलं होतं, म्हणजे प्लास्टिकसारख्या वस्तू बनवायला वापरतात ते रसायन. ते खाण्यात का मिसळावं? प्रथिनं मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ने गुणायचं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. चिमूटभर घातलं की चाचणीत प्रथिनांचा आकडा फुगतो. त्याच भेसळीत आलेल्या सायन्युरिक आम्ल या दुसऱ्या रसायनाबरोबर मेलामाइनचे खडे बनले आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकले. पाकिटावरचा 'प्रोटीन अमुक टक्के' हा आकडा एवढाच बोलतो: इतका नायट्रोजन सापडला. तो कोंबडीच्या छातीतून आला, पिसांतून आला की आणखी कशातून, हे त्याला ठाऊक नसतं.

२०१९च्या सुरुवातीला 'हिल्स' या नामांकित कंपनीचे कुत्र्यांचे डबे परत घ्यावे लागले. पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात 'ड' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होतं. त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचे डबेही होते.

तिसरं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण तिथे भेसळ नव्हती, चूकही नव्हती, होती ती फॅशन. 'ग्रेन फ्री', म्हणजे धान्य न घातलेलं डॉग फूड अमेरिकेत जोरात खपू लागलं. धान्याच्या जागी वाटाणे, मसूर, बटाटे आले आणि किंमत चढली. जुलै २०१८मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, जाहीर केलं की काही कुत्र्यांमध्ये हृदय फुगण्याचा आजार दिसतोय, आणि तोही ज्या जातींत तो सहसा होत नाही त्यांच्यात. पुढच्या वर्षी ज्या १६ ब्रँडची नावं तक्रारींत वारंवार आली ती त्यांनी प्रसिद्ध केली. त्यातलं बहुतेक खाणं ग्रेन फ्री होतं, वाटाणे-मसूर घातलेलं होतं, आणि स्वस्त तर नव्हतंच. हे खाणंच आजाराचं कारण, असं म्हणायला पुरेसा पुरावा हाती आला नाही, असं एफडीएने २०२२च्या अखेरीस सांगितलं. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. बहुतेक कुत्र्यांना धान्याने काहीच होत नव्हतं, तरी लोकांनी आपल्या लाडक्या जनावराला अधिक चांगलं द्यायच्या इच्छेने जास्त पैसे मोजून अनिश्चितता विकत घेतली.

## मग पाकिटावर बघायचं काय?

पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूवरचे 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक' हे शब्द पोषणाच्या दृष्टीने कशालाही बांधलेले नाहीत, कुणीही ते छापू शकतं.

मागे बारीक अक्षरांत 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट' हे शब्द आहेत का ते शोधा, आणि ते कोणत्या वयासाठी आहेत हेही. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते पूरक खाणं आहे, त्यावर जनावर जगवायचं नसतं. बरेच ग्रेव्हीचे पाऊच आणि सगळ्या ट्रीट्स याच गटातल्या.

आता आकडे. पाऊचवर प्रथिनं ८ टक्के लिहिलेली असतात, सुक्या दाण्यांवर २४ टक्के. लोक दाण्यांकडे वळतात. पण पाऊचमध्ये पाणी ८२ टक्के असतं. उरलेल्या १८ भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे सुमारे ४४ टक्के. दाण्यांत पाणी १० टक्के. उरलेल्या ९० भागांत २४, म्हणजे २७च्या आत. तुलना नेहमी पाणी काढून करायची, एवढा हिशेब फोनवर अर्ध्या मिनिटात होतो.

घटकांच्या यादीचंही तसंच. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि वजन पाण्यासकट धरतात. 'ताजं चिकन' पहिल्या क्रमांकावर दिसतं, पण त्यात दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. दाणे वाळल्यावर त्याचा वाटा किती उरला ते यादी सांगत नाही. उलट 'चिकन मील' हे वाळवून दळलेलं मांस असतं, किलोमागे त्यात प्रथिनं जास्त. 'बायप्रॉडक्ट' म्हणजे यकृत, फुप्फुस, प्लीहा असे अवयव, आणि त्यांचं पोषण काही कमी नसतं. वजरी आणि कलेजी आवडीने खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरा फरक जिथे पडतो, ते पाकिटावर छापलेलंच नसतं: खाण्याचं सूत्र कुणी बनवलं, कच्चा माल प्रत्येक वेळी तपासतात का, कारखाना स्वतःचा आहे की दुसऱ्याकडून बनवून घेतात, आणि पचनाच्या चाचण्या केल्यात का. कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या, वसावाच्या, पोषण समितीने ग्राहकांनी कंपनीला विचारावेत असे नेमके हेच प्रश्न सुचवले आहेत. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर किंवा मेलवर विचारा. पशुपोषणातला शिकलेला माणूस आमच्याकडे पूर्णवेळ आहे, असं जी कंपनी सरळ सांगते तिचं पोतं मधल्या फळीवरचं असलं तरी मी तेच घेईन.

महाग खाण्यात काहीच जास्त नसतं, असंही म्हणता येणार नाही. चांगल्या कच्च्या मालाचं खाणं जास्त पचतं. ते कमी प्रमाणात पुरतं, शी कमी आणि घट्ट होते, ओमेगा-३ चांगलं असेल तर कातडी-केसांवर फरक दिसतो. म्हणून किलोचा भाव न बघता दिवसाचा खर्च काढावा. स्वस्त खाणं रोज ३०० ग्रॅम लागत असेल आणि दुसरं २२० ग्रॅम, तर वाटतं तेवढं अंतर राहत नाही.

## 'आमचा मोती तर भाकरी-दुधावर चौदा वर्षं जगला'

हे वाक्य गावाकडच्या प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. पण मोती फक्त भाकरी-दूध खात नव्हता. तो दिवसभर मोकळा होता, उंदीर-घुशी मारायचा, मेलेल्या जनावराची हाडं चघळायचा, खाटकाच्या दुकानामागे जायचा. रांजणाची चीर तो स्वतःच बुजवत होता. शिवाय आठवणीत राहतो तो चौदा वर्षं जगलेला मोती. त्याची पहिल्याच पावसाळ्यात गेलेली भावंडं कुणी मोजली नाहीत.

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरच्या, म्हणजे लॅबच्या, पिल्लाला ही सोय नाही. त्याच्या ताटात येईल तेवढंच त्याचं जग. तिथे नुसती पोळी-दूध किंवा नुसतं बोनलेस चिकन चालू ठेवलं की काय होतं, ते कुठल्याही पशुवैद्याच्या दवाखान्यात बघायला मिळतं. तीन-चार महिन्यांचं गुटगुटीत पिल्लू, पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, पंजे सपाट पडलेले, उचललं की कुईं करणारं. मालक सांगतात, "डॉक्टर, रोज पाव किलो चिकन देतो हो याला." आणि अडचण तिथेच असते. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस साधारण दोनशे मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा. पिल्लाला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने लागतं. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं पोकळ होत जातात. किरकोळ उडीनेही ती मोडतात. वेळेत कळलं तर आहार सुधारून पिल्लू सावरतं, म्हणून इथे 'बघू थोडे दिवस' म्हणू नये.

याच्या उलट चूकही तेवढीच सर्रास होते. पिल्लाला चांगलं पपी फूड चालू असतं आणि वरून कॅल्शियमचं सिरप सुरू केलं जातं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातंच. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत याने हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. संपूर्ण आहार चालू असताना डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय सिरपची बाटली घरात आणू नये.

कोकण-गोव्यातल्या मांजरांची तऱ्हा वेगळी. मासे-भात खाऊन ती मजेत असतात आणि ताज्या मासळीतून टॉरिनही मिळतं. पण काही जातींच्या कच्च्या माशात 'ब१' जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, रोज कच्चाच मासा घातला तर मांजराला झटके येऊ शकतात. शिजवल्यावर ते द्रव्य निष्प्रभ होतं. नुसत्या कलेजीवर वाढवलेल्या मांजरांत 'अ' जीवनसत्त्व साठून मानेची हाडं एकमेकांना जुळतात. दुधाचं म्हणाल, तर मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचतच नाही. ती ते आवडीने पितात आणि मग जुलाब होतात.

## घरी शिजवून घातलं तर?

घालता येतं, पण आपल्या अंदाजाने नाही. डेव्हिसच्याच संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासून २०१३ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि पाचातल्या चारांहून अधिक पाककृतींत एकापेक्षा जास्त. पशुवैद्यांनी लिहिलेल्याही काही त्यात होत्या. चिकन-भात-गाजर दिसायला पौष्टिक दिसतं. त्यात कॅल्शियम, जस्त, तांबं, आयोडीन, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्वं कमी पडतात. तेव्हा घरचंच द्यायचं तर पशुपोषण जाणणाऱ्या डॉक्टरांकडून आपल्या जनावरासाठी आहार लिहून घ्या, त्यातलं खनिज मिश्रण गाळू नका, आणि हळूहळू आपल्या सोयीने घटक बदलू नका.

आपल्या स्वयंपाकघरात आणखी एक धोका असतो. कांदा आणि लसूण, शिजवलेलेसुद्धा, कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतात. भाजीचा रस्सा, मटणाचा उरलेला पांढरा-तांबडा, फोडणीचा भात हे त्यांच्या भांड्यात जाऊ नये. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. हंगामात नाशिक-तासगावच्या घरांत ती खाली पडलेली असतात, तेव्हा जपावं.

कच्च्या मांसाचा आग्रह धरणारे म्हणतात, निसर्गात कोण शिजवतं? पण दुकानातलं मांस निसर्गातून आलेलं नसतं. त्यात साल्मोनेला असू शकतो, आणि तो भांडी पुसणाऱ्या माणसापर्यंतही पोचतो. २०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एक मांजर बर्ड फ्लूने मेलं, आणि तोच विषाणू त्याला दिलेल्या कच्च्या गोठवलेल्या खाण्यात सापडला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले. मांजरकुळाला हा विषाणू किती झोंबतो ते त्यातून दिसलं. कोंबडी शिजवूनच द्यावी. फक्त शिजवलेलं हाड देऊ नये, त्याचे टोकदार तुकडे पडतात.

## शाकाहारी घरात काय करावं?

कुत्र्याला नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर ठेवता येतं, मात्र तो आहार संपूर्ण आणि संतुलित असायला हवा. वरण-भात आणि पनीर म्हणजे तो नव्हे. मांजर पाळायचं असेल तर घरात कॅट फूडचं पाकीट येऊ द्यायची तयारी हवी. ती नसेल तर ससा किंवा पक्ष्यांचा विचार करावा. मांजरावर आपलं व्रत लादणं त्याच्या डोळ्यांवर आणि हृदयावर बेततं.

## आयुष्य वाढवणारी गोष्ट फुकट आहे

आहाराने कुत्र्याचं आयुष्य वाढतं याचा सर्वांत नेमका पुरावा कोणत्याही घटकाबद्दलचा नाही. तो प्रमाणाबद्दलचा आहे. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला जेवढं दिलं त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला. खाणं तेच, पोतं तेच. आयुष्यभर हा नियम पाळला. २००२ साली आलेल्या निकालानुसार कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं आणि जास्त खाणाऱ्यांचं ११.२. जवळपास दोन वर्षं. सांधेदुखीची औषधंही त्यांना उशिरा लागली. खाणं विकणाऱ्या कंपनीनेच कमी घाला असं सांगणारा निष्कर्ष छापला, म्हणून मला तो अधिक विश्वासाचा वाटतो.

हे आपल्या घरात आणून बघा. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या स्पिट्झला दिवसाला साधारण पावणेचारशे कॅलरी पुरतात. चार मारी बिस्किटं म्हणजे शंभरच्या आसपास कॅलरी. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी प्रेमाने दिलेली ती चार बिस्किटं म्हणजे त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाव भाग झाला. त्यावर संध्याकाळी एक पोळी दिली की अर्धा. मग तो भांड्यातलं हजार रुपये किलोचं खाणं सोडतो आणि घरात चर्चा होते की याला हा ब्रँड आवडत नाही. ट्रीट, बिस्किटं, पोळीचा तुकडा सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. बाकीचं खाणं वाटीने न देता स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर मोजून द्यावं. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. लागत नसतील तर पाकीट बदलण्याआधी माप बदला.

## महाग खाणं कधी खरोखर घ्यावं?

जनावर आजारी असेल तेव्हा. जुनाट मूत्रपिंडविकारात फॉस्फरस कमी केलेल्या आहाराने कुत्र्या-मांजरांची प्रकृती जास्त काळ टिकते, हे प्रत्यक्ष रुग्णांवरच्या चाचण्यांतून दिसलं आहे. मूत्राशयातले स्ट्रुव्हाइट जातीचे खडे विशिष्ट आहाराने विरघळतात, कित्येक मांजरांची शस्त्रक्रिया टळते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदानही खास आहारावर काही आठवडे ठेवूनच होतं. हे खाणं म्हणजे जवळपास औषधच; तिथे कंजुषी करू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय निरोगी जनावराला ते देऊही नका. पैसे मर्यादित असतील तर मधल्या दराचं संपूर्ण खाणं घेऊन उरलेले लसी, जंताचं औषध आणि वर्षातून एकदा रक्ततपासणीला ठेवावेत, असं मी प्रत्येकाला सांगते.

शेवटी साठवणीबद्दल, कारण आपल्याकडे पावसाळ्यात चांगलं खाणंही वाया जातं. दुकानात फोडलेल्या पोत्यातून सुटं विकतात ते घेऊ नका. त्यावर ना तारीख असते, ना बॅच क्रमांक, आणि तोंड उघडं राहिल्याने त्यातली चरबी खवट होते, दाणे दमट होतात. मक्यासारख्या धान्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत अशा खाण्याने शंभराहून अधिक कुत्री दगावल्याच्या नोंदी झाल्या होत्या. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पिशवीवरचा बॅच क्रमांक खाणं संपेपर्यंत जपा.

खाणं बदलायचं ठरवलंत तर सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला, जुन्यात नवं मिसळत. कुत्रा एखादं जेवण सोडेल, त्याने बिघडत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र 'भूक लागली की खाईल' म्हणून अडून बसू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर उठतं. दिवसभर तोंड लावलं नाही तर जुनं खाणं परत द्या, आणि तेही नको म्हणालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.